बारीक अक्षरातले सूर

कारकुनाने पेन बदललं. जाड निबाचं टोपण लावून बाजूला ठेवलं, बारीक निबाचं उचललं आणि दुसऱ्या ट्रम्पेटच्या कागदावर, जिथे तालाचे सतरा बार नुसतं गप्प बसायचं होतं, तिथे तो ताईचे सूर लिहू लागला. नेहमीच्या निम्म्याने, मोहरीएवढे सूर. सहा बार लिहून झाले तेव्हा दाराची बेल वाजली, एकदा लांब आणि एकदा आखूड. अशी बेल एकच माणूस वाजवायचं. शाई वाळायची होती, तरी त्याने कागदावर वर्तमानपत्र ओढलं.

"काय लपवतोयस?" ताई आत येत म्हणाली.

"कुठे काय. शाई पसरू नये म्हणून झाकलं."

"शाई पसरू नये म्हणून ओल्या शाईवर पेपर?" ती हसली. हसताना तिच्या तोंडाचा डावा कोपरा उजव्याच्या मागून, जरा उशिराने पोचायचा. "पंचवीस वर्षं नोटेशन लिहितोस म्हणे."

चोराच्या मनात चांदणं. कारकून उठून उगाच खिडकी बंद करून आला.

दोघंही बस खात्यातली. ताई डेपोच्या नियंत्रण खोलीत बसून गाड्या सोडायची, आणि धाकटा भाऊ भांडारात सुट्या भागांची नोंद ठेवायचा. खात्याचा स्वतःचा बँड होता, चाळीस माणसांचा. ड्रायव्हर, मेकॅनिक, तिकीट तपासनीस, सगळे पाळी संपली की जुन्या कॅन्टीनमध्ये जमायचे. ताई तीस वर्षं तिथली पहिली ट्रम्पेट. भावाला नोटेशन वाचायला तिनेच शिकवलं, बँडमध्ये तिनेच घुसवलं. तो क्लॅरिनेट बरी वाजवायचा, पण त्याचा खरा उपयोग लिहिण्यात होता. कुठलीही रचना आणा, हा पठ्ठ्या ती बँडच्या मापाने कापून, शिवून, चाळीस जणांचे चाळीस कागद हाताने लिहून द्यायचा. म्हणून बँडमध्ये त्याला सगळे कारकूनच म्हणत. भांडारातही तो कारकूनच होता, तेव्हा त्याला वाईट वाटायचं कारण नव्हतं.

"शेवटचं पान झालं का माझं?"

त्याने तिचा कागद दिला. तिने चष्मा लावून खालपर्यंत वाचला.

"कॅडेन्झाची जागा मोकळी सोडलीयस ना?"

"सोडलीय. नुसती शेवटची ट्रिल लिहिलीय."

"तेवढं बास."

अडीचशे वर्षांपूर्वीचा ट्रम्पेटचा कॉन्चेर्तो होता तो, म्हणजे एकटी ट्रम्पेट पुढे आणि बाकी सगळे साथीला. त्याच्या शेवटच्या भागात, संपायच्या थोडं आधी, सगळे थांबतात आणि सोलो वाजवणारा एकटा, मनाला येईल ते वाजवतो. ती कॅडेन्झा. तिचा शेवट दोन शेजारच्या सुरांच्या लांब थरथरीने होतो, ती ट्रिल. ट्रिल ऐकू आली की बँडने समजायचं, बाईंचं बोलून झालं, आता आपण. बँडमास्तरांचा हात पडतो आणि सगळे तुटून पडतात.

हा कॉन्चेर्तो ताईला एकदा वाजवायचा होता. नोकरी संपायला चार महिने उरले होते, बँडही त्याच दिवशी सुटणार होता, आणि निरोपाच्या कार्यक्रमात काय हवं असं मास्तरांनी विचारलं तेव्हा तिने शालही मागितली नाही नि घड्याळही नाही. "हा अख्खा वाजवायचाय," ती म्हणाली. "तोंड परत आलंय हे एकदा सगळ्यांना कळू दे. मग ट्रम्पेट कपाटात ठेवायला मी मोकळी."

तोंड गेलं होतं ते दीड वर्षापूर्वी, आणि गेलं तेही चारचौघांत. खात्याच्या वार्षिक समारंभात, स्वागताची धून वाजवताना ताईच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून हवा सुटली आणि ट्रम्पेटमधून असा काही आवाज आला की पहिल्या रांगेतल्या साहेबांपासून मागच्या पोरासोरांपर्यंत अख्खं सभागृह हसलं. ताईने पुन्हा फुंकलं. पुन्हा तोच आवाज. लोक आणखी हसले. तिच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडलीय हे कळायला दोन मिनिटं गेली, आणि त्या दोन मिनिटांत हसणाऱ्यांमध्ये तीन खुर्च्या पलीकडे बसलेला तिचा सख्खा भाऊही होता. त्याला वाटलं, ताई गंमत करतेय. पुढे आठ महिने ती आरशासमोर बसून मेणबत्ती विझवायला शिकत होती, तो रोज जाऊन बसायचा, डाव्या बाजूने ओघळलेला चहा तिने पुसला की दुसरीकडे बघायचा. पण त्या दिवशी आपण हसलो होतो हे त्याने तिला कधी सांगितलं नाही. ते आठवलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि आता ती पुन्हा उभी राहणार होती, त्याच सभागृहात, एकटी, सगळ्यांच्या पुढे.

रचना बँडसाठी बसवताना त्याने आधी एक युक्ती केली होती. सगळं प्रकरण एक अख्खा सूर खाली आणलं. ताईने पहिलं पान बघितलं आणि भुवया उचलल्या.

"खाली का आणलंस?"

"क्लॅरिनेटवाल्यांच्या बोटांना सोपं जातं गं."

"क्लॅरिनेटवाल्यांच्या बोटांना, की माझ्या ओठांना?"

त्याने दुसऱ्या दिवसापासून सगळं परत वर चढवून नव्याने लिहायला घेतलं. हात दाखवून अवलक्षण ते असं. तीन आठवडे पाण्यात गेले.

तशी कामाला मजा होती, नाही असं नाही. मूळ रचना ऑर्केस्ट्रासाठी, आणि ऑर्केस्ट्रा म्हणजे निम्म्याहून जास्त तारांचा संसार. बँडमध्ये तार औषधालाही नाही, सगळा कारभार फुंकण्याचा नि बडवण्याचा. व्हायोलिनचं काम क्लॅरिनेटांना, चेलोचं युफोनियमला आणि सॅक्सोफोनला अशी वाटणी त्याने केली. पण खरी पंचाईत सोलोची. व्हायोलिनांपुढे ट्रम्पेट उठून दिसते. ट्रम्पेटच्या मागे आणखी पाच ट्रम्पेटं, ट्रोम्बोनं आणि ढोल ठेवले तर नाकापेक्षा मोती जड. म्हणून ताई वाजवत असेल तिथे त्याने बाकीच्या ट्रम्पेटांना पानंच्या पानं गप्प बसवलं. आणि मग त्या मोकळ्या रेघांकडे बघता बघता त्याला ते सुचलं.

बँडवाल्यांची एक जुनी रीत आहे. हौशी बँडमध्ये रोज कुणी ना कुणी गैरहजर. कुणाची पाळी, कुणाचं लग्न, कुणाची कंबर. म्हणून महत्त्वाची ओळ दुसऱ्या कुणाच्या कागदावरही बारीक अक्षरात लिहून ठेवायची. मूळ माणूस हजर असेल तर ह्याने गप्प बसायचं, नसेल तर वाजवायचं. त्यात लबाडी काही नाही. मात्र सोलोला असं ठिगळ कुणी लावत नाही. सोलो वाजवणाराच नसेल तर कार्यक्रम रद्द होतो. हे कारकुनाला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तो दारं लावून लिहीत होता.

ताई गेल्यावर त्याने वर्तमानपत्र उचललं. शाई पुसटली होती. त्याने दुसरा कागद घेतला आणि पहिल्यापासून लिहिलं.

ठिगळ तीन ठिकाणी लावलं. एक दुसऱ्या ट्रम्पेटच्या कागदावर. ती वाजवणारा डेपोत इंजिनं खोलायचा, त्याला सगळे गॅरेजवाला म्हणत. दुसरं युफोनियमच्या कागदावर आणि तिसरं स्वतःच्या. दोघांना त्याने कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "ताई अडली तरच हां. नाहीतर वाऱ्यालाही कळता कामा नये."

"कळतंय की आम्हाला," गॅरेजवाला म्हणाला. त्याचा ताईवर फार जीव. पहिल्यांदा बँडमध्ये आला तेव्हा तिनेच त्याला ट्रम्पेट कशी धरायची ते दाखवलं होतं.

तिसऱ्या तालमीपर्यंत वाऱ्याला कळलं नाही. ताई रोज नेटाने वाजवत होती. वरचे सूर कधी घासून यायचे, कधी साफ. कॅडेन्झा मात्र ती तालमीत वाजवायची नाही. "ती त्या दिवशी," म्हणायची, आणि नुसती शेवटची ट्रिल द्यायची, की मास्तरांचा हात पडायचा. ओठ जपायला सगळेच सोलोवाले असं करतात, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

चौथ्या तालमीला, दुसऱ्या भागातली ती लांब, संथ ओळ चालू होती. मधेच ताईच्या ट्रम्पेटमध्ये फुंकरीचं पाणी साचून गुळगुळ झाली. तिने वाद्य खाली घेतलं, कळ दाबली आणि पाणी फरशीवर झटकलं. रोजची गोष्ट. एखादा बार सुटतो, वाजवणारा पुढच्या बारात शिरतो.

पण सूर सुटलाच नाही. इतके दिवस जीव मुठीत धरून टपून बसलेले तिघं एकाच क्षणी आत शिरले आणि ताईची ओळ ताईशिवाय पुढे चालू लागली. कुठे खाचसुद्धा पडली नाही.

ताईने ट्रम्पेट ओठांना लावता लावता थांबवली. ती चार बार उभी राहून ऐकत राहिली. मास्तरांनी काठी स्टँडवर आपटली तेव्हा आधी युफोनियम थांबलं, मग क्लॅरिनेट, मग शेवटी गॅरेजवाला.

ती चालत त्याच्या स्टँडपाशी गेली. गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि वाकून वाचलं. पान उलटलं, तेही वाचलं. कॅन्टीनमधला पंखा तेवढा कुरकुरत होता.

"किती जणांकडे आहे हे?"

गॅरेजवाला बुटांकडे बघत म्हणाला, "तिघांकडे, ताई."

"अक्षर ओळखीचं आहे," ती म्हणाली. क्लॅरिनेटच्या रांगेकडे तिने बघितलंही नाही. "छान जमवलंय. माझ्यावाचून काही अडत नाही." मग जागेवर परत गेली आणि मास्तरांना म्हणाली, "घ्या, पुन्हा सुरुवातीपासून."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं कारकुनाला वाटलं. धरणी कुठली दुभंगतेय! त्याला सबंध दुसरा भाग वाजवावा लागला, तिसराही.

तालीम संपल्यावर तो तिच्यामागे गाड्या धुवायच्या हौदापर्यंत गेला.

"ताई, मी फक्त—"

"मला माहितीय तू फक्त. खोडून टाक सगळं."

"चुकून काही झालं तर लोक…"

"तर हसतील." ताईने पेटीचा पट्टा खांद्यावर नीट केला. "त्या दिवशी हसले ना सगळे, तेव्हा मला इतकं लागलं नव्हतं रे, जितकं आज लागलं. ते अजाण होते. तुम्ही सगळे कागदावर लिहून बसलात."

"खोडतो."

"सगळ्यांचं."

"सगळ्यांचं. शप्पथ."

रविवारी सकाळी त्याने तिघांचे कागद टेबलावर पसरले. शाईचं लिहिणं रबराने जात नाही, ब्लेडने खरवडावं लागतं, कागद फाटू न देता, हलक्या हाताने. बायको भाजी निवडता निवडता बघत होती.

"एवढं लिहिलंत कशाला, एवढं खरवडायचं होतं तर?"

"चुकलं."

"तुमचं?" ती म्हणाली. "कागदावर?"

त्याने गॅरेजवाल्याचा कागद साफ केला. युफोनियमचा केला. मग स्वतःचा घेतला. पहिला भाग खरवडला, दुसरा खरवडला, तिसराही शेवटपर्यंत खरवडत आणला. राहिली कॅडेन्झाच्या अखेरची ट्रिल. एक सूर आणि त्याच्यावर एक नागमोडी रेघ, तांदळाच्या दाण्याएवढं चित्र. ब्लेड त्याच्यावर टेकवून तो जरा वेळ बसला. ताई तिथे एकटी असणार होती. बाकी सगळीकडे बँड मागे असतो, चुकलं तरी कुणीतरी झाकतं. तिथे मागे कुणी नव्हतं. एका सुराने काय होतंय, असं त्याच्या मनात आलं. लागणारच नाही तो. लागला तर निदान असावा.

त्याने ब्लेड कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. नियंत्रण खोलीतल्या बायका नटूनथटून तिसऱ्या रांगेत, साहेब पहिल्या रांगेत, भाओजी म्हणजे ताईचे यजमान अगदी कडेच्या खुर्चीवर, हात मांड्यांमध्ये घट्ट धरून. ताई राखाडी साडीत पुढे येऊन उभी राहिली. टाळ्या पडल्या, जरा जास्तच, आजारी माणसासाठी पडतात तशा. तिने मान लववली आणि मास्तरांकडे बघून सुरुवात करा अशी खूण केली.

आणि तिने वाजवलं. काय वाजवलं! पहिल्या भागात वरचा सूर आला, तो घासला नाही, सरळ जाऊन बसला. दुसऱ्या भागातली ती लांब ओळ तिने एका श्वासात नेली, जिथे पाणी झटकलं होतं त्या जागेवरून पुढे, शेवटापर्यंत. गॅरेजवाला ट्रम्पेट मांडीवर ठेवून ऐकत होता, त्याचे ओठ आपोआप हलत होते. ती कुठे अडते म्हणून टपलेले लोक खुर्चीत मागे रेलले. आता कुणाला तिची कीव येत नव्हती. तिसरा भाग घोडदौडीत गेला, बँडने एक मोठा आवाज केला, आणि सगळे थांबले. कॅडेन्झा.

ताईने खालच्या सुरांपासून सुरुवात केली. साधीच धून, पहिल्या भागातली, तिची तिने दोन-तीन वेळा फिरवाफिरव केली, हळूहळू वर नेली. वर, आणखी वर. आणि थांबली.

ट्रम्पेट ओठांपासून बोटभर दूर झाली.

एक. कारकून मोजू लागला. दोन. श्वास घेतेय. तीन. मास्तर मान खाली घालून, काठी धरून उभे, फक्त ट्रिलची वाट बघत. चार. कुणीतरी खोकलं. पाच. तिसऱ्या रांगेतली एक बाई शेजारणीच्या कानाशी लागली आणि कारकुनाला दिसलं की तिचे दात दिसताहेत. सहा. त्याला ताईच्या तोंडाचा डावा कोपरा दिसत नव्हता, फक्त पाठ दिसत होती, आणि त्या पाठीवरून काही कळत नव्हतं.

त्याने क्लॅरिनेट तोंडात धरली आणि ट्रिल दिली. अगदी हळू. पण तेवढ्या शांततेत सुई पडली तरी ऐकू आली असती.

मास्तरांचा हात पडला. चाळीस माणसं तुटून पडली.

त्याच क्षणी त्याने बघितलं, ताईची ट्रम्पेट पुन्हा ओठांपाशी आलेली होती. छाती भरलेली होती. ती पुढे वाजवणारच होती. अर्धा बार ती तशीच उभी राहिली, भरलेला श्वास तसाच धरून, आणि मग बँडबरोबर शेवटात शिरली. शेवट तिने चोख वाजवला, एकही सूर इकडचा तिकडे नाही. लोक उभे राहिले. साहेब उभे राहिले. भाओजी रुमालाने डोळे पुसत होते. सभागृहात एकाही माणसाला कळलं नाही की काही राहून गेलंय.

आतल्या खोलीत पेढे होते, हार होते, दहा जण एकदम बोलत होते. मास्तर गर्दीतून वाट काढत ताईपर्यंत आले. त्यांचा चेहरा ओढलेला होता.

"ताई, माझा हात लवकर पडला का हो? मला ट्रिल ऐकू आली, पण ती…" त्यांनी क्लॅरिनेटवाल्यांकडे बघितलं. कारकुनाच्या शेजारी बसणारा तिकीट तपासनीस त्याच्याकडे बघू लागला. मग गॅरेजवालाही. खोलीतला गलका हळूहळू उतरला.

आता बोलायला हवं होतं. कारकुनाने तोंड उघडलं.

"हात बरोबर पडला तुमचा," ताई म्हणाली. "ओठ सुटला माझा. वर गेले आणि सुटलाच. ह्याने सावरलं म्हणून निभावलं."

"अरेरे," मास्तर म्हणाले, पण त्यांच्या आवाजातलं ओझं उतरलं. "तरी म्हटलं. काही हरकत नाही ताई, एवढं सगळं वाजवलंत! शेवटी वय आहे, दुखणं आहे."

"हो ना," ताई म्हणाली.

"थोडक्यात वाचलं हो," कुणीतरी म्हणालं. नियंत्रण खोलीतल्या बाईने ताईचा हात हातात घेतला आणि एक एक शब्द सुटा करून, लहान मुलाशी बोलावं तशी म्हणाली, "खूप छान झालं हं. अगदी खूप छान." ताईने मान डोलावली.

बसथांब्यापर्यंत दोघं बरोबर चालत गेली. भाओजी हार आणि फुलं घेऊन पुढे निघून गेले होते. ट्रम्पेटची पेटी ताईकडेच होती. कारकुनाने दोनदा हात पुढे केला, तिने दोन्ही वेळा ती दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"पुढे किती होतं?" त्याने विचारलं.

"निम्म्याहून जास्त."

"मला वाटलं, तू अडलीस."

"थांबले होते. तिथे थांबायचंच होतं. लोकांनी जरा वाट बघावी माझी, म्हणून ठेवलं होतं ते." ती चालता चालता म्हणाली, रागावून नाही, गाडीची वेळ सांगावी तशी. "चांगली बघत होते रे."

थांब्यावर बाकावर कुणी नव्हतं. दोघं बसली.

"उद्या मी मास्तरांना सांगतो. सगळ्यांना सांगतो, ट्रिल माझी होती. तू बरोबर वाजवत होतीस."

"आणि का दिलीस, ते काय सांगशील?"

कारकुनाने मान वळवून गाडी येतेय का ते बघितलं.

"म्हातारीचा ओठ सुटला, हे लोक आठ दिवस बोलतील नि विसरतील," ताई म्हणाली. "सख्ख्या भावालाच तिचा भरवसा नव्हता, हे नाही विसरणार. आणि मला भेटेल त्याच्या डोळ्यांत ते बघायचं नाहीये. ओठाचं चालेल."

"मग मी काय करू, ताई?"

"काही करू नकोस. उद्या येतील तुझे आभार मानायला. ते घे. आढेवेढे घेऊ नकोस, त्यांना शंका येईल."

तिची गाडी आली. ड्रायव्हर ओळखीचा होता, त्याने तिला बघून हॉर्न वाजवला आणि उतरून पेटी वर घ्यायला हात दिला. त्याला मात्र तिने पेटी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास गॅरेजवाला भांडाराच्या खिडकीशी आला. ब्रेकच्या पट्ट्या हव्या होत्या. पावतीवर सही केली, पट्ट्या काखेत मारल्या, तरी तो हलेना. मग त्याने कपड्याला हात पुसला आणि खिडकीतून आत केला.

"लाज राखलीत हो ताईची," तो म्हणाला. "आमचं सगळं खरवडून टाकलंत आणि स्वतः मात्र जागे राहिलात. आम्हाला नसतं सुचलं."

कारकुनाने तो हात हातात घेतला. मागे आणखी दोघं-तिघं रांगेत उभे होते, तेही बघत होते.

"हो," तो म्हणाला. "सावरलं कसंबसं."

मग त्याने पुढच्याची पावती ओढून घेतली.